‘पूर्वघोषित मृत्यू’ : एका कादंबरीतील प्रेम, हिंसा आणि पौरुष

प्रेमातून हिंसा कशी उद्भवते, ह्या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर वाङ्मयात वारंवार आढळते. प्रेम अनावर झाले म्हणजे त्यातून मत्सर निर्माण होतो, मत्सराचे पर्यवसान क्रोधात होते आणि क्रोधाच्या भरात पुरुषाच्या हातून हत्या घडते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’पासून टॉलस्टॉयच्या ‘क्रॉइत्झर सोनाटा’पर्यंत ही उपपत्ती कमीअधिक फरकाने मांडलेली दिसते. तिच्यानुसार हिंसा हा प्रेमाचाच अतिरेक होय, आणि तो आवरणे पुरुषाला शक्य झाले नाही, एवढाच त्याचा दोष.

गाब्रिएल गार्सिया मार्केझ (१९२७–२०१४) ह्या कोलंबियन लेखकाची १९८१ साली प्रसिद्ध झालेली ‘क्रोनिका दे उना मुएर्ते आनुन्सियादा’ ही लघुकादंबरी ह्या उपपत्तीला मुळातूनच छेद देते. तीत हत्या करणाऱ्या दोघा भावांचे कोणावरही प्रेम जडलेले नाही. त्यांना मत्सर वाटण्याचे कारण नाही. क्रोधाने त्यांचे भान हरपले आहे, असेही नाही. ज्याचा ते खून करतात, त्याच्याबरोबर काही तासांपूर्वीपर्यंत ते मद्यपान करीत आणि गाणी म्हणत हिंडत होते. किंबहुना त्यांना तो खून करावयाचाच नव्हता, असे मानण्यास कादंबरीत भरपूर आधार आहे. तरीही खून होतो. तो का होतो, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रेम, हिंसा आणि पौरुष ह्यांचा एक निराळाच संबंध हाती लागतो. प्रस्तुत लेखात त्या संबंधाचे स्वरूप, विशेषतः त्याची भाषिक बाजू, स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम शीर्षकाचा विचार करणे सोयीचे होईल. ग्रेगरी रबासा ह्यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे ही कादंबरी ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ ह्या नावाने जगभर परिचित झाली. ‘फोरटोल्ड’ म्हणजे भाकीत केलेला, भविष्य म्हणून वर्तविलेला. ह्या शब्दाने वाचकाचे मन आपोआप नियतीकडे वळते. मूळ स्पॅनिश शब्द ‘आनुन्सियादा’ हा मात्र ‘आनुन्सियार’ ह्या धातूचे कर्मणी धातुसाधित आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘जाहीर केलेला’, ‘घोषित’ असा होतो. जाहिरातीला स्पॅनिशमध्ये ‘आनुन्सियो’ म्हणतात. भाकीत करणारा घटनेला जबाबदार नसतो. घोषणा करणारा, आणि ती ऐकणाराही, जबाबदार असू शकतो. ह्या कादंबरीतील मृत्यू भाकीत केलेला मानावयाचा की घोषित केलेला, ह्यावर तिच्या अन्वयार्थाची दिशा पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

कादंबरीच्या पहिल्या वाक्यातही असाच एक सूचक विशेष आढळतो. तेथे सान्तियागो नासार ह्या तरुणाच्या नियोजित हत्येचा उल्लेख तृतीयपुरुषी अनेकवचनी क्रियापदाने केला आहे, पण त्या क्रियापदाचा कर्ता सांगितलेला नाही. स्पॅनिशप्रमाणे मराठीतही असा अनुक्त कर्ता चालतो. ‘त्याला कामावरून काढले’ ह्या वाक्यात काढणारा कोण हे सांगावे लागत नाही. कादंबरीत पुढे मारेकऱ्यांची नावे येतात, परंतु पहिल्या वाक्यात मोकळी राहिलेली कर्त्याची जागा त्या दोन नावांनी पुरती भरत नाही. ती जागा साऱ्या गावाची आहे, ही जाणीव वाचकाला क्रमाक्रमाने होत जाते.

कथानक थोडक्यात असे आहे. कॅरिबियन किनाऱ्याजवळच्या, नदीकाठच्या एका गावात बायार्दो सान रोमान हा श्रीमंत परका तरुण येतो आणि आन्हेला विकारियो ह्या गरीब घरच्या मुलीशी मोठ्या थाटाने विवाह करतो. विवाहाच्या रात्रीच, ती कुमारिका नाही असे आढळल्यावरून तो तिला माहेरी परत आणून सोडतो. आई तिला मारहाण करते. भाऊ ‘कोण तो?’ असे विचारतात आणि ती सान्तियागो नासारचे नाव घेते. पेद्रो आणि पाब्लो हे तिचे जुळे भाऊ डुकरे कापण्याच्या सुऱ्या घेऊन निघतात, वाटेत भेटेल त्याला आपला बेत सांगतात आणि पहाटेनंतर सान्तियागोला त्याच्याच घराच्या बंद दारासमोर ठार करतात. सत्तावीस वर्षांनी ह्या घटनेचा शोध घेणारा निवेदक हे सारे साक्षीपुरावे जुळवून सांगतो. ह्या कथेला प्रत्यक्ष घटनेचा आधार आहे. १९५१ च्या जानेवारीत कोलंबियातील सुक्रे ह्या गावी अशाच कारणावरून एका तरुणाची हत्या झाली होती आणि लेखकाच्या कुटुंबाचा त्या गावाशी निकटचा संबंध होता.

ह्या गावात पुरुष कसा घडविला जातो, ह्याचे उत्तर कादंबरी अगदी साध्या शब्दांत देते. विकारियो कुटुंबात मुलग्यांना पुरुष होण्यासाठी वाढविले होते आणि मुलींना लग्न करण्यासाठी. मुलींना भरतकाम, शिवणकाम, कपडे धुणे व इस्त्री करणे येत होते. आजाऱ्याची शुश्रूषा आणि मृताची तयारीही येत होती. त्यांचे शिक्षण म्हणजे निश्चित अशा कौशल्यांची यादी होय. मुलग्यांच्या बाबतीत अशी यादी नाही. पुरुष होणे म्हणजे नेमके काय करणे, हे कोठेच सांगितलेले नाही. ते प्रसंग आला म्हणजे सिद्ध करावयाचे असते. स्त्रीची परीक्षा एका रात्रीत एका चादरीवर होते, तर पुरुषाची परीक्षा कधी आणि कशी होईल, हे त्याला ठाऊक नसते. ही अनिश्चितता हेच ह्या पौरुषाचे दुबळे स्थान होय. ज्या गुणाला आशय नाही, तो केवळ प्रदर्शनानेच टिकविता येतो.

बायार्दोची प्रणयपद्धती ह्या प्रदर्शनाचा उत्तम नमुना आहे. खानावळीच्या ओसरीवर झुलत्या खुर्चीत डुलक्या घेत असताना त्याला आन्हेला रस्त्याने जाताना दिसते. तेव्हा, आपण जागे झालो म्हणजे हिच्याशी लग्न करणार आहोत ह्याची आठवण करून द्या, असे तो घरमालकिणीला सांगतो. मुलीशी त्याचे अद्याप एक शब्दही बोलणे झालेले नाही. पुढे सोडतीत ठेवलेली शिंपल्याच्या नक्षीची संगीतपेटी तो सर्व तिकिटे विकत घेऊन मिळवितो आणि तिला भेट म्हणून पाठवितो. तिला गावातले कोणते घर आवडते, हे विचारून, ते घर विकावयाचे नाही असे परोपरीने सांगणाऱ्या विधुर म्हाताऱ्याला तो पैशांच्या राशीपुढे नमवितो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. व्यवहार मात्र पूर्ण होतो. ह्या सर्व प्रसंगांत शस्त्र कोठेच नाही, परंतु समोरच्या माणसाच्या ‘नाही’ ह्या शब्दाला किंमत न देणे, हे हिंसेचे बीज त्यांत स्पष्ट दिसते. आन्हेला जेव्हा आईजवळ, आपल्या मनात त्याच्याविषयी प्रेम नाही, अशी शंका काढते, तेव्हा प्रेमही शिकता येते, असे सांगून आई तो विषय संपविते. प्रेमाची गणना इस्त्री आणि भरतकामाच्या यादीतच झालेली असते.

ज्याचा बळी जातो तो सान्तियागो नासार ह्या व्यवस्थेच्या बाहेरचा आहे, असे मानता येत नाही. लेखकाने त्याला निर्दोष हुतात्मा केलेले नाही, ही ह्या कादंबरीतील विशेष महत्त्वाची गोष्ट होय. वडिलांकडून त्याने बंदुका, घोडे आणि शिकारी ससाणे ह्यांची विद्या उचलली. कादंबरीच्या आरंभी अवतरण म्हणून घेतलेल्या, पोर्तुगीज कवी जिल व्हिसेंत ह्याच्या ओळींतही प्रेमाला ससाण्याच्या शिकारीची उपमा आहे, ही संगती आकस्मिक नाही. सान्तियागोच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या व्हिक्तोरिया गुस्मानला त्याच्या वडिलांनी तिच्या कोवळ्या वयात भोगले आणि मन भरल्यावर घरकामाला ठेवले. आता तिची किशोरवयीन मुलगी दिविना फ्लोर हिच्याकडे मुलाची दृष्टी वळली आहे. हत्येच्या दिवशी सकाळी तो त्या मुलीचे मनगट धरतो, तेव्हा ससे सोलत असलेली आई हातातली रक्ताळलेली सुरी त्याला दाखविते आणि मुलीला सोडण्यास सांगते. थोड्या वेळाने दाराशी तो तिच्या देहाला पुन्हा ओरबाडतो. त्याला मारावयास माणसे टपली आहेत, हे त्या दोघींना त्या वेळी कळलेले असते. त्या सांगत नाहीत. आईच्या मनातून तो मेलेलाच बरा होता, असे मुलगी पुष्कळ वर्षांनी कबूल करते.

ह्या प्रसंगाचा अर्थ काळजीपूर्वक लक्षात घ्यावयास हवा. सान्तियागोने आन्हेलाचा उपभोग घेतला होता की नाही, हे कादंबरी अखेरपर्यंत सांगत नाही. त्या दोघांना एकत्र पाहिलेले कोणीच नव्हते, आणि निवेदकाचा कल तो ह्या बाबतीत निरपराध असल्याचे मानण्याकडे आहे. मात्र दिविना फ्लोरच्या बाबतीत त्याचे वर्तन वाचकाच्या डोळ्यांसमोर घडते. त्या वर्तनाला गावात कोणी अपराध म्हणत नाही, त्यासाठी कोणी सुरी परजत नाही. कारण स्वयंपाकिणीच्या मुलीला अब्रू असते, हेच गावाला मान्य नाही. ह्यावरून एक निष्कर्ष निघतो : ही हिंसा स्त्रीच्या संरक्षणासाठी नाही. तसे असते, तर ती दिविना फ्लोरसाठी प्रथम जागी झाली असती. ती पुरुषांच्या आपसातील हिशेबासाठी आहे आणि स्त्रीचा देह ही त्या हिशेबाची केवळ वही आहे.

आता जुळ्या भावांच्या वर्तनाकडे वळावयास हरकत नाही. हत्येचा बेत करणारा माणूस सामान्यतः गुप्तता पाळतो. हे दोघे नेमके उलट करतात. सुऱ्यांना धार लावण्यासाठी ते मंडईत जातात आणि तेथील कसायांना आपण कोणाला मारणार आहोत, ते नाव घेऊन सांगतात. क्लोतिल्दे आर्मेन्ता हिच्या दुधाच्या दुकानात बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगतात. पोलिसाला सांगतात. आपल्याला कोणी तरी अडवावे म्हणून त्यांनी कल्पनेपलीकडे धडपड केली, असे निवेदकाचे स्पष्ट मत आहे. ज्याला ही गोष्ट कळणे आवश्यक होते, तो सान्तियागो तेवढा अखेरच्या काही मिनिटांपर्यंत अनभिज्ञ राहतो.

ह्या वर्तनाचे विवरण करण्यास जे. एल. ऑस्टिन ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने मांडलेली भाषिक कृतीची कल्पना उपयोगी पडते. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत; ती उच्चारणे हीच एक कृती असते, असे त्यांनी दाखवून दिले. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे होय. मात्र अशी कृती सिद्ध होण्यास योग्य परिस्थिती, योग्य अधिकार आणि बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचे सहकार्य लागते. आव्हान दिले तरी ते स्वीकारणारा कोणी नसेल, तर आव्हान अपुरे राहते.

‘आम्ही त्याला मारणार आहोत’ हे भावांचे वाक्य ह्या दृष्टीने तपासले असता काय दिसते? ती धमकी नव्हे, कारण धमकी ज्याला द्यावयाची त्याला उद्देशून असते आणि हे वाक्य त्याला सोडून इतर सर्वांना उद्देशून आहे. ते केवळ माहिती देणारे विधानही नव्हे. त्याचे बाह्य रूप प्रतिज्ञेचे आहे. आत मात्र विनवणी आहे. ‘आम्ही पुरुषाचे कर्तव्य करावयास सिद्ध झालो आहो, ह्याची नोंद घ्या, आणि आता आम्हांला अडवा, म्हणजे ते न करताही आम्ही पुरुषच राहू’, असा त्याचा पूर्ण अर्थ लावता येईल. गावकऱ्यांनी ह्यातील पहिला अर्धा भाग ऐकला. काहींनी तोही दारूची बडबड म्हणून सोडून दिला. दुसरा अर्धा भाग ऐकला तो एकट्या क्लोतिल्दे आर्मेन्ताने.

कर्नल लासारो आपोन्ते हा गावाचा प्रमुख त्यांच्या सुऱ्या काढून घेतो आणि त्यांना घरी जाण्यास सांगतो. तेव्हा, केवळ संशयावरून कोणाला अटक करता येत नाही, असे तो क्लोतिल्देला बजावतो. तिचे म्हणणे अटकेचे नसतेच. ह्या बिचाऱ्या पोरांवर येऊन पडलेल्या भयंकर बांधीलकीतून त्यांना सोडवा, अशी तिची मागणी असते. अधिकाराच्या भाषेत शस्त्र काढून घेतले की प्रश्न मिटतो. तिच्या दृष्टीने उच्चारलेला शब्दच काढून घेणे आवश्यक होते, आणि तसे करण्याचा अधिकार कर्नलखेरीज कोणाला नव्हता. कर्नलने त्यांना कोठडीत टाकले असते, तर अब्रूला बाध न येता त्यांची सुटका झाली असती. पुढे भाऊ दुसऱ्या सुऱ्या घेऊन परत येतात आणि ते कळल्यावरही कर्नल वाटेत क्लबात रात्रीच्या डॉमिनोच्या खेळाची वेळ पक्की करण्यासाठी थांबतो. तेवढ्या अवधीत खून होऊन जातो.

दोघा भावांत घडणारा पालटही लक्षणीय आहे. खुनाचा निर्णय प्रथम पेद्रो घेतो. परंतु कर्नलने सुऱ्या घेतल्यावर आपले कर्तव्य संपले, असे त्यालाच वाटते. तेव्हा पाब्लो त्याला पुढे रेटतो. म्हणजे दोघांपैकी एकटा कोणीही हे कृत्य पार पाडू शकला नसता. एकाने माघार घ्यावी, तर दुसरा साक्षीदार म्हणून समोर उभा आहे. पौरुषाला प्रेक्षक लागतो, आणि येथे तो जन्मापासूनच जोडीला दिलेला आहे.

ह्या बंधनाचे रक्षण केवळ पुरुष करतात, असा समज कादंबरी होऊ देत नाही. पाब्लोची वाग्दत्त वधू प्रुदेन्सिया कोतेस हिच्या घरी भाऊ वाटेत कॉफीसाठी थांबतात. अब्रूच्या कामाला उशीर चालत नाही, हे तिची आई समजून घेते. प्रुदेन्सिया पुढे सांगते की, पुरुषाने करावयाचे ते पाब्लोने केले नसते, तर तिने त्याच्याशी कधीही लग्न केले नसते. ती तीन वर्षे त्याची वाट पाहते आणि त्याच्याशी लग्न करते. तिच्या बाजूने पाहता ही प्रेमकथाच आहे. एकनिष्ठ आणि सुफल झालेली. तिच्यात प्रेमाची अटच हत्या ही आहे. ऑथेल्लोच्या उदाहरणात प्रेमाचे रूपांतर हिंसेत होते. येथे हिंसा ही प्रेमाला पात्र ठरण्याची परीक्षा होते. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय ह्या कादंबरीचे मर्म कळणार नाही.

येथे ‘अब्रू’ ह्या संकल्पनेचा शब्दार्थाच्या अंगाने विचार करणे इष्ट आहे. स्पॅनिशमध्ये ‘ओनोर’ आणि ‘ओन्रा’ असे दोन शब्द आहेत. व्यवहारात त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळतात. तथापि स्पॅनिश नाट्यवाङ्मयाच्या सुवर्णकाळाचे अभ्यासक पहिल्याने व्यक्तीची अंगभूत योग्यता आणि दुसऱ्याने इतरांनी दिलेली प्रतिष्ठा, असा भेद पुष्कळदा करतात. दुसऱ्या अर्थाची प्रतिष्ठा ही ज्याची असते, त्याच्या ताब्यात नसते. ती शेजाऱ्याच्या जिभेवर असते. काल्देरोन ह्याच्या सतराव्या शतकातील ‘एल मेदिको दे सु ओन्रा’ ह्या नाटकात पती केवळ संशयावरून पत्नीचा वध करवितो, तो ह्याच प्रतिष्ठेसाठी. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जूलियन पिट-रिव्हर्स ह्यांनीही स्पेनमधील अभ्यासाच्या आधारे, माणसाचे स्वतःच्या दृष्टीने असलेले मूल्य आणि समाजाच्या दृष्टीने असलेले मूल्य ही मानाची दोन अंगे असल्याचे प्रतिपादन केले. मराठीतील ‘अब्रू’ हा शब्द फारसी ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा ह्यांपासून झालेला आहे. चेहऱ्यावरचे पाणी ज्याचे त्याला दिसत नाही, समोरच्याला दिसते. ‘अब्रू जाते’, ‘अब्रू घेतात’, ‘अब्रू झाकतात’ असे आपण म्हणतो. ह्या क्रियापदांतही कोणी तरी पाहणारा गृहीत धरलेला आहे. ह्या अर्थाने विकारियो बंधूंची कोंडी मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

ही कल्पना केवळ लोकमानसात राहिली नव्हती. कायद्यानेही तिला आश्रय दिला होता. कोलंबियाच्या १९३६ च्या दंडसंहितेत पत्नी, मुलगी किंवा बहीण हिला परपुरुषाशी संग करताना पकडून तिची किंवा त्या पुरुषाची हत्या करणाऱ्यास शिक्षेत मोठी सूट देण्याची तरतूद होती. १९८० च्या नव्या संहितेत ती राहिली नाही. त्यानंतर वर्षभराने ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शेजारच्या ब्राझीलमध्ये ‘अब्रूचे न्याय्य संरक्षण’ हा बचाव तेथील सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून कायमचा बंद केला, तो २०२३ साली. कादंबरीतील भावांचा वकील हाच बचाव मांडतो आणि न्यायालय तो ग्राह्य धरते. खुनानंतर ते दोघे चर्चमध्ये धाव घेऊन पाद्र्यापुढे शरण येतात. आपण उघडपणे मारले, परंतु आपण निर्दोष आहोत, अशी त्यांची भूमिका असते. ‘उघडपणे’ ही त्यांच्या लेखी अपराधाची कबुली नसून निर्दोषत्वाचा पुरावा आहे, ही गोष्ट पूर्वीच्या विवेचनाशी जुळते.

कादंबरीच्या उत्तरार्धात आन्हेला विकारियोचे जे चित्र येते, त्याने ह्या सर्व विवेचनाला वेगळे वळण मिळते. लग्नाच्या रात्री कौमार्याचा खोटा पुरावा कसा निर्माण करावयाचा, हे मैत्रिणींनी तिला शिकविलेले होते. चादरीवरचा डाग दुसऱ्या दिवशी अंगणात वाळत घालून दाखविला की काम भागणार होते. म्हणजे गावाला सत्य नको होते. चिन्ह हवे होते. आन्हेला ते चिन्ह देण्याचे नाकारते. संपूर्ण कादंबरीत प्रदर्शनाला नकार देणारी ही पहिली कृती होय आणि ती एका स्त्रीने केलेली आहे, हे लक्षणीय आहे. त्यानंतर मात्र भावांनी विचारल्यावर ती नाव उच्चारते आणि तिचा तो एक शब्द एका माणसाचा प्राण घेतो. ती त्या नावाचा पुढेही कधी इन्कार करीत नाही. लेखक तिलाही निर्दोष ठरवीत नाही.

पुढे दूरच्या वाळवंटी गावात यंत्रावर भरतकाम करून उपजीविका करीत असताना ती बायार्दोला पत्रे लिहू लागते. हे प्रेम कोठून आले? आई मारहाण करीत असतानाच त्याची आठवण येऊ लागली, असे ती स्वतः सांगते. ह्या ठिकाणी काही वाचकांना स्वाभाविकपणे आक्षेप घ्यावासा वाटेल : ज्याने तिला झिडकारले त्याच्यावरच तिने प्रेम करावे, हा स्त्रीच्या शरणागतीचाच गौरव नव्हे काय? हा आक्षेप सहज बाजूला सारता येणार नाही. प्रेमाचा उगम मारहाणीच्या क्षणाशी जोडून लेखकाने हिंसेचा धागा प्रेमाच्या मुळाशीच ठेवला आहे. तथापि पत्रलेखनाचा पुढील क्रम पाहता शरणागतीपेक्षा वेगळे काही तरी घडत असल्याचे दिसते. आरंभीची पत्रे औपचारिक आहेत; पुढे ती प्रेयसीची, कधी व्यावसायिक स्वरूपाची, कधी रागाची, कधी खोट्या आजारांची होतात. आठवड्याला एक, ह्या प्रमाणे ती वर्षानुवर्षे चालू राहतात. उत्तर एकही येत नाही. ह्या काळात ती आपल्या मर्जीची स्वामिनी होते. आईचा अंमल संपतो. जिला प्रेम शिकण्यास सांगितले होते, ती ते स्वतःच्या लेखणीने स्वतःच निर्माण करते.

भाऊ आणि बहीण ह्यांच्या भाषेची तुलना येथे उद्बोधक ठरते. भावांचे एकच वाक्य आहे. ते साऱ्या गावाला उद्देशून आहे. एकदा उच्चारल्यावर ते मागे घेता येत नाही, आणि काही तासांत त्याची पूर्तता करावीच लागते. बहिणीची वाक्ये असंख्य आहेत. ती एकाच माणसाला उद्देशून आहेत. आदल्या पत्रातील मजकूर पुढच्या पत्रात बदलता येतो, आणि त्यांना मुदत नाही. पहिल्या भाषेत पौरुष सिद्ध होते, दुसरीत प्रेम. ज्या भाषेत शब्द बदलण्याची मुभा नाही, तीत प्रेमाला जागा राहत नाही, असे कादंबरीचे एकंदर सूचन आहे.

अखेर एका ऑगस्टमधील दुपारी बायार्दो परत येतो. तो आता स्थूल झाला आहे, केस गळले आहेत, जवळचे दिसण्यास चष्मा लागतो. ज्या रूपाने आणि संपत्तीने तो पूर्वी गाव दिपवून सोडीत असे, त्यांतले काही उरलेले नाही. त्याच्याजवळ दोन पेट्या आहेत. एकीत कपडे आणि दुसरीत तिची सुमारे दोन हजार पत्रे. ती तारखांप्रमाणे लावून रंगीत फितींनी बांधलेली आहेत, आणि त्यांतले एकही उघडलेले नाही. ह्या तपशिलाचा अर्थ दोन प्रकारांनी लावता येतो. पुरुषाने स्त्रीचे शब्द अखेरपर्यंत वाचलेच नाहीत, त्याला तिच्या निष्ठेची मोजदाद तेवढी पुरे झाली, असा एक अर्थ. पत्रांतील मजकुरापेक्षा पत्र येत राहणे हेच त्याच्या लेखी महत्त्वाचे ठरले आणि न वाचताही त्याने प्रत्येक पत्र जपले, असा दुसरा. कादंबरी ह्यांतील कोणताही अर्थ पक्का करीत नाही. एवढे मात्र निश्चित की, त्याचे परत येणे हे त्याने पूर्वी केलेल्या घोषणेचे उल्लंघन आहे. टाकलेली स्त्री पुन्हा स्वीकारणारा पुरुष गावाच्या हिशेबात हरलेला ठरतो. तो हरण्यास तयार होतो, तेव्हाच त्याला प्रेमाकडे येता येते. भावांना ही मुभा गावाने दिली नव्हती.

ह्या कादंबरीत योगायोगांची मोठी मालिका आहे. दाराखालून सरकविलेली चिठ्ठी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. बिशपच्या आगमनाच्या गडबडीत माणसे गुंतलेली असतात. मुलगा घरात आला आहे अशा समजुतीने आईच नेमक्या क्षणी दाराला अडसर लावते. त्यामुळे हे ग्रीक शोकांतिकेच्या धर्तीवरचे नियतिनाट्य आहे, असे मत काही वेळा मांडले जाते. परंतु नियतीचा उल्लेख कादंबरीत प्रामुख्याने कोण करतो, हे पाहिले म्हणजे शंका येऊ लागते. स्वतः काही न केलेल्या गावकऱ्यांना पुढील आयुष्यात ह्या योगायोगांचा हिशेब मांडीत बसावे लागते, कारण त्यावाचून त्यांना स्वतःच्या वाट्याची जबाबदारी टाळता येत नाही. अब्रूचे व्यवहार ज्यांचे त्यांनी पाहावयाचे असतात, अशी काहींची समजूत होती. काहींना वाटले की, ज्याला सांगावयाचे त्याला एव्हाना कळलेच असेल. ‘सर्वांना ठाऊक आहे’ ह्या वाक्याचा परिणाम ‘कोणीच सांगितले नाही’ असा होतो. योगायोग खरे आहेत, पण ते प्रभावी ठरतात ते ह्या मौनामुळे.

सारांश, प्रेम, हिंसा आणि पौरुष ह्यांचा जो संबंध ह्या कादंबरीत दिसतो, तो मनोविकारांच्या उद्रेकाचा नसून सार्वजनिक शब्दाच्या पूर्ततेचा आहे. पुरुषाला पुरुष ठरविणारे वाक्य त्याने उच्चारावयाचे, समाजाने ते ऐकावयाचे आणि मग त्याने ते कृतीने खरे करावयाचे, ही त्याची रीत आहे. म्हणून हिंसेचे उत्तरदायित्व केवळ सुरी धरणाऱ्या हातावर संपत नाही. ज्यांनी ते वाक्य ऐकले आणि त्यातील विनवणी ऐकली नाही, त्यांच्यापर्यंत ते पोहोचते. कुटुंबाच्या अब्रूसाठी झालेल्या हत्यांच्या बातम्या महाराष्ट्रातूनही येत असतात, आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना धोक्याची कुणकुण आधीपासून असल्याचे मागाहून समजते. अशा प्रसंगी क्लोतिल्दे आर्मेन्ताने कर्नलजवळ केलेली मागणी स्मरणात ठेवण्यासारखी आहे. तिने मरणाऱ्याचे प्राण वाचविण्याचा आणि मारणाऱ्यांना त्यांच्या शब्दातून सोडविण्याचा, असे दोन्ही प्रयत्न एकाच वेळी केले. आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे गावात तिच्याशिवाय कोणाच्याही ध्यानात आले नाही.